आणि जमलं नाही तर?

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी पळस्पे फाट्यावर शाळेची पिवळी बस यायची. ज्यांनी हा फाटा पाहिला आहे त्यांना तिथली पहाट ठाऊक असेल. मुंबईकडून येणाऱ्या जुन्या रस्त्याला इथे दोन वाटा फुटतात. एक खोपोलीवरून घाट चढून पुण्याला जाते, दुसरी शिरढोण, कर्नाळा, पेण करत गोव्याला. न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरची रांग रात्रभर तुटत नाही. त्या धुळीत आणि हॉर्नच्या गलक्यात मी मुलीचं दप्तर खांद्याला लावून उभी असायचे. ती तेव्हा आठ वर्षांची होती. बस दिसली की तिची पकड घट्ट व्हायची आणि ती म्हणायची, ‘‘आई, पोटात दुखतंय.’’

आधी ओवा झाला, मग हिंग झाला, मग पनवेलचे डॉक्टर झाले. डॉक्टरांनी पोट तपासलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि तिला बाहेर बाकावर बसायला सांगून मला म्हणाले, ‘‘रविवारी दुखतं का हो हिचं पोट?’’ रविवारी दुखत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीतही दुखलं नव्हतं. मला हे ठाऊक होतं, फक्त कुणी तरी ते मोठ्याने म्हणायला हवं होतं.

मोठी २०२० च्या जूनमध्ये पहिलीत गेली. गेली म्हणजे काय, टाळेबंदी होती, शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरत होती. त्या दीड-दोन वर्षांत लाखो आयांनी जे पाहिलं ते मीही पाहिलं. मुलं वर्गात दिवसभर काय करतात हे आपल्याला पहिल्यांदाच दिसलं. फळ्यावरचं वहीत उतरवायचं, वहीतलं पाठ करायचं, पाठ केलेलं पेपरात उतरवायचं. पडदा बंद झाला की मात्र मोठी वेगळीच व्हायची. आजीच्या मांडीवर बसून वर्तमानपत्राचे मथळे वाचायला ती त्याच दिवसांत शिकली. तिला कुणी शिकवलं नाही. आजीचा चष्मा फुटला होता आणि दुकानं बंद होती, एवढंच.

२०२२ मध्ये शाळा पुन्हा रीतसर सुरू झाल्या आणि पोटदुखीही. तिसरीच्या चाचणीत प्रश्न होता, आपल्याला मासे कुठून मिळतात? हिने लिहिलं, ‘खाडीतून आणि पहिल्या पावसात भाताच्या शेतातून.’ त्यावर लाल फुली. पुस्तकातलं उत्तर होतं समुद्र, नदी आणि तळं. कोकणातल्या माणसाला सांगायला नको की पहिला पाऊस पडला की मासे ओढ्यांतून उलटे चढून शेतांत येतात. आम्ही त्याला वलगण म्हणतो आणि कंदील घेऊन मासे धरायला जातो. हिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मी शाळेत जाऊन विचारलं तर बाई ओशाळल्या. म्हणाल्या, ‘‘तिचं चूक नाही हो, पण मला पन्नास पेपर तपासायचे असतात आणि उत्तरपत्रिका वरून येते.’’ त्या बाईंचा मला राग आला नाही. पन्नास मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. त्यांच्या जागी मी असते तर मीही फुलीच मारली असती. त्रास झाला तो पुढच्या चाचणीने. तसाच दुसरा एक प्रश्न आला तेव्हा मुलीने पुस्तकातलं उत्तर लिहिलं, पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि मला सांगितलं, ‘‘आता मला कळलं, आपलं लिहायचं नाही.’’

तिला घरीच शिकवावं हा विचार त्या रात्री पहिल्यांदा मनात आला. आला आणि मी घाबरले.

घाबरण्यासारखं पुष्कळ होतं. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब लिहीत होते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत सुटला होता. नोकरी सोडली तर घर एका पगारावर चालणार होतं. धाकटा अजून अंगणवाडीत होता. सासूबाईंनी तर ऐकताच हातातली भाजी खाली ठेवली. ‘‘आमच्या वेळी पोरीला शाळेत घालायला लोक भांडले, आणि तू घातलेली काढतेस?’’ त्यांच्या या प्रश्नात तथ्य होतं आणि ते मला आजही टोचतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘हिला मित्रमैत्रिणी कुठून मिळणार?’’ माहेरून फोन आला, ‘‘उद्या लग्नाच्या वेळी शिक्षण किती म्हणून सांगाल?’’ नवरा सगळं ऐकून घेत होता. त्याने एकच प्रश्न विचारला आणि तो सगळ्यांत कठीण होता. ‘‘आणि जमलं नाही तर?’’

मला वाटायचं, आधी पुरेसा आत्मविश्वास गोळा करावा आणि मग पाऊल टाकावं. त्यासाठी मी पुस्तकं वाचली. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाचं मुलं का नापास होतात हे सांगणारं १९६४ सालचं पुस्तक वाचलं. वर्गातली मुलं शिकण्यापेक्षा शिक्षकाला हवं ते उत्तर ओळखण्यात सारी हुशारी खर्च करतात, हे त्याचं निरीक्षण वाचताना मला ती लाल फुली आठवली. शाळा सुधारता येतील ही होल्टची आशा पुढे मावळली आणि १९७७ साली त्याने घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केलं. ‘तोत्तोचान’ वाचलं. गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाचलं. प्रत्येक पुस्तक संपलं की दोन दिवस अंगात बळ यायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वीसला ते फाट्यावर गळून पडायचं. दादरच्या एका मुलीची बातमीही कुणीतरी दाखवली. आईने तिला सातवीत शाळेतून काढलं, तिने संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळवला. वाचून मला धीर यायच्याऐवजी धडकीच भरली. आमची मुलगी काही ऑलिम्पियाडला जाणार नव्हती. तिला फक्त पोट न दुखता शिकायचं होतं. असामान्य मुलांच्या कहाण्यांतून सामान्य मुलांच्या आईबापांना बळ मिळत नाही, असं माझं मत झालं आहे.

शेवटी मी माझ्या हिशेबनिसाच्या सवयीवर आले. धंद्यात एखाद्या व्यवहाराची भीती वाटली की आपण काय करतो? वाईटात वाईट काय होईल ते कागदावर मांडतो. नवऱ्याचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, ‘जमलं नाही तर?’ आणि उत्तर शोधायला लागले.

पहिली भीती कायद्याची. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य सांगितलं आहे, पण ते न पाळणाऱ्या आईबापांना कसलीही शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचा तर या कायद्यात उल्लेखच नाही, ना परवानगी, ना बंदी. इतर देशांनी याचा निकाल आपापल्या परीने लावला आहे. इंग्लंडच्या कायद्यात मुलाला शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण द्यावं असे शब्द आहेत आणि त्या ‘किंवा’मध्ये घर बसतं. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत ते कायदेशीर आहे. जर्मनीत मात्र मुलाने शाळेत गेलंच पाहिजे. आपण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभे आहोत. ही मधली जागा फार सुखाची नाही, पण तिथे उभं राहिल्याबद्दल कुणी तुरुंगात टाकत नाही, एवढं माझ्या वहीत लिहिलं गेलं.

दुसरी भीती परतीच्या वाटेची. याच कायद्याचं चौथं कलम मी तीन वेळा वाचलं. शाळेत न गेलेलं किंवा मधेच शाळा सुटलेलं मूल परत आलं तर त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात घ्यायचं आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी खास शिकवायचं, असं ते सांगतं. हे कलम खरं तर विटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी आहे. पण दार उघडं आहे म्हणजे सगळ्यांनाच उघडं आहे.

तिसरी भीती दहावीची. इथे तर मला एकच नव्हे, अनेक वाटा सापडल्या. आपल्या दहावीच्या बोर्डाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ कुणाला ठाऊक नाही? माझ्या मावशीने लग्नानंतर तो भरूनच दहावी केली होती. केंद्र सरकारने १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन केलं, तेच आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून चालतं. वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथे दहावीला नाव घालता येतं. निदान एका भाषेसह पाच विषय निवडायचे, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सुटा करून देता येतो आणि माध्यम मराठीही घेता येतं. आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा आहेत. नववी नापास झालेल्यांची शाळा म्हणून या परीक्षांकडे मीही आजवर नाक मुरडूनच पाहत आले होते. आता ती नावं वहीत एकाखाली एक लिहिताना मला शांत वाटलं.

एका रविवारी ती वही मी नवऱ्यापुढे ठेवली. म्हटलं, ‘‘जमलं नाही तर एक वर्ष गेलं असं समजू. नवव्या वर्षी गेलेलं वर्ष दहाव्या वर्षी भरून काढता येतं.’’ त्याने पान उलटून पाहिलं. ‘‘आणि नोकरी?’’ ‘‘हिशेबाची कामं घरी आणता येतात का बघते.’’ पगाराच्या निम्म्याने भागलं, आजही भागतं आहे. बसचं आणि शाळेचं शुल्क वाचलं हे खरं असलं तरी ते पगाराची बरोबरी करत नाही, हेही इथे लिहायला हवं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिसरीची परीक्षा झाली आणि आम्ही शाळा सोडल्याचा दाखला घेतला. तो हातात आला तेव्हा माझ्यापाशी आत्मविश्वास अजिबात नव्हता. परतीच्या वाटा कुठे आहेत हे ठाऊक होतं, एवढंच.

पहिले दोन महिने मी जे केलं त्याची आता लाज वाटते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं. आठ ते पावणेनऊ गणित, पावणेनऊ ते साडेनऊ इंग्रजी. बाजारातून फळा आणला. मुलीला गणवेश नव्हता, पण वेणी घालून बसायची सक्ती होती. म्हणजे ज्या शाळेतून तिला काढलं तीच मी घरी भरवली होती, फक्त पन्नासांच्या जागी एक मूल, त्यामुळे रागवायला बाई पूर्णवेळ मोकळ्या. जुलैमध्ये एका सकाळी गणिताच्या तासाला ती म्हणाली, ‘‘आई, पोटात दुखतंय.’’

मी खडू ठेवला. त्या दिवशी आणि पुढचा सगळा आठवडा काही शिकवलं नाही. पाऊस उघडला की आम्ही दोघी बाहेर पडायचो. पनवेलच्या जुन्या बंदराकडे गेलो की ती खाडीच्या काठाशी बसून राहायची. चिखलात निवटे उड्या मारायचे, चिंबोऱ्या बिळात शिरायच्या. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, ‘‘परवा आपण आलो तेव्हा याच वेळी पाणी वरपर्यंत होतं, आज खाली का?’’

मला सांगता आलं नाही. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे पाठ होतं, पण रोज वेळ का बदलते ते ठाऊक नव्हतं. शाळेतल्या बाईंना पस्तीस मिनिटांत पुढे जावं लागलं असतं, आम्हाला कुठे जायचं नव्हतं. जवळच जाळं सुकवत बसलेल्या एका आजोबांना तिने तोच प्रश्न विचारला. ते हसले आणि म्हणाले, ‘‘तिथीची पाऊणपट कर बाय, भरती कधी ते कळंल.’’

आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या हा हिशेब तोंडी चालत आला आहे. आम्ही दोघी तो वाटेवरच करून बघायला लागलो आणि तिथीला तीन चतुर्थांशाने गुणताना मुलगी अडखळली. अपूर्णांक अजून झाले नव्हते. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या भात निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी म्हणायला सुरुवात केली, ‘‘पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा...’’

पाऊणकी! सासूबाई सातवी पास. त्यांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ करून घेत. चाळीस-पन्नास वर्षं त्या पाढ्यांना कुणी हाक मारली नव्हती. मुलगी त्यांच्यापुढे जाऊन बसली. ‘‘आजी, परत म्हण.’’ पंधराच्या पाऊणकीपर्यंत, सव्वाअकरापर्यंत, आजी न अडखळता गेली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला विचारलं, ‘‘उद्या हिला निमकी सांगू का?’’ मुलीला शाळेतून काढण्याला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी कधी मागे घेतला नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरच्या शाळेत बाई दोन झाल्या.

आम्ही भिंतीवरचं वेळापत्रक काढलं आणि त्या जागी एक तक्ता लावला. तारीख, तिथी, पाऊणकीने आलेली वेळ आणि कॅलेंडरात छापलेली भरतीची वेळ. जेव्हा जमेल तेव्हा बंदरावर जाऊन डोळ्यांनी पाहिलेली वेळही. काही दिवस आजोबांचा हिशेब बरोबर यायचा, काही दिवस अर्धा-पाऊण तास चुकायचा. मुलीला ती चूक स्वस्थ बसू देईना. आम्ही ग्रंथालयातून पुस्तक आणलं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तेवढ्यात चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याच्या खाली पुन्हा यायला पृथ्वीला आणखी सुमारे पन्नास मिनिटं लागतात. म्हणून भरती रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येते. पाऊणकीत ती पंचेचाळीस धरली आहे. पाच मिनिटांची ही सूट जाळं टाकणाऱ्याला चालते. मग तिचा पुढचा प्रश्न आला, पंधरा तिथींनंतर हिशेब पुन्हा एकपासून का सुरू होतो? तो तिने स्वतः सोडवला. पंधरा दिवस रोज पन्नास मिनिटं म्हणजे साडेबारा तास, आणि भरती दिवसातून दोनदा येते. एक फेरी झाली, पाळी दुसऱ्या भरतीची. हे उत्तर सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता हे मला लिहिता येणार नाही. मी वाणिज्य शाखेची बाई. ते उत्तर मलाही त्याच क्षणी कळत होतं.

शिकवणाऱ्याला सगळं यायला हवं, ही माझी मोठी भीती त्या पावसाळ्यात गेली. ‘मला ठाऊक नाही, शोधू या’ हे वाक्य मुलीसमोर न ओशाळता म्हणता आलं, तो माझा पहिला आत्मविश्वास. तो काम सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात आला.

एरवी आपल्याला वाटतं की घरी शिकवणं हे परदेशातून आलेलं खूळ आहे. मला धीर दिला तो दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी आईने. लक्ष्मीबाई डोंगरे. अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात गुरूपाशी शिकत असताना दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवलं जाताना त्यांनी पाहिलं आणि आपणही पत्नीला शिकवायचं असं ठरवलं. त्यापायी त्यांना उडुपीच्या पंडितसभेपुढे स्वतःची बाजू मांडावी लागली. पुढे घरदार सोडून हे कुटुंब तीर्थयात्रा करत हिंडत राहिलं. धाकट्या मुलीला शिकवायला वडील थकले होते, म्हणून लक्ष्मीबाईंनी ते काम घेतलं. दिवसभर कामाचा रगाडा, तेव्हा पहाटे, उजाडण्यापूर्वी, झोपाळू मुलीला मांडीशी घेऊन त्या संस्कृत सांगत. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. चार वर्षांनी, १८७८ साली, ती मुलगी कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पंडिता रमाबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लक्ष्मीबाईंपाशी तर फळाही नव्हता आणि घरही नव्हतं.

पण याच वाटेवर ठेच लागलेलं एक मोठं नावही आहे आणि ते सांगितलं नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आपल्या मुलांना शाळेत घातलं नाही. जोहान्सबर्गला घरापासून कचेरीपर्यंत मैलोन्‌मैल चालताना ते मुलांना बरोबर घेत आणि बोलता बोलता शिकवत. कामं वाढत गेली, शिकवणं मागे पडत गेलं. थोरला हरिलाल १९११ साली वडिलांचं घर सोडून शिक्षणासाठी अहमदाबादला निघून गेला. मुलांची ही तक्रार आहे, हे गांधीजींनी आत्मकथेत स्वतः नोंदवलं आहे. रोज एक तास जरी नियमाने देता आला असता तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. ते वाचून मी आमच्या घरी एकच नियम केला. पाहुणे येवोत, ताप येवो, हिशेबाचं काम तुंबो, सकाळचा एक तास वाचन, लेखन आणि गणिताचा. तो तास कुणाचाही नाही, फक्त तिचा. बाकीचा दिवस मोकळा. तत्त्वांच्या उत्साहात मुलांचा तास आपण कधी खाऊन टाकतो ते कळत नाही.

मोकळा दिवस मोकळा राहिला नाही. शिरढोणला वासुदेव बळवंतांच्या जन्मगावी सायकलने गेलो. सरकारविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या या माणसाने पुण्यात मित्रांबरोबर शाळाही काढली होती आणि तिच्यातून पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, हे मुलीला फार गमतीचं वाटलं. कर्नाळ्याच्या अभयारण्यात पक्ष्यांची वही सुरू झाली. ताऱ्याला युसुफ मेहेरअली सेंटरमध्ये तेलाचा घाणा आणि कुंभाराचं चाक पाहिलं. चिरनेरला १९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या स्मारकापाशी तिने हुतात्म्यांची नावं वाचली, त्यांतली आडनावं आमच्या गावातल्या घरांवरही आहेत. पनवेलच्या आसपास राहून मुलांना इतिहास-भूगोलासाठी फार लांब जावं लागत नाही.

मैत्रिणींचा प्रश्न मात्र खरा होता. दुपारी साऱ्या गावातली मुलं शाळेत आणि ही एकटी अंगणात, हे दृश्य मी दोन वर्षं पाहिलं आहे. आता ती कबड्डीला जाते, ग्रंथालयात जाते, संध्याकाळी गल्लीत खेळते; तरी वर्गातल्या बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण ही वेगळीच गोष्ट असते आणि ती आम्ही तिला देऊ शकलो नाही. माझी चिडचिड होते. चोवीस तास आई आणि त्यातच बाई, हे दोघींनाही जड जातं.

आणि धाकटा? तो गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. आनंदाने जातो. त्याला गलका लागतो, रांग लागते, खिचडी लागते. त्याच्या बाई चांगल्या आहेत. त्याला घरी बसवायचा मी विचारही केला नाही. लोक विचारतात, मग तुमचं तत्त्व काय? तत्त्व असं काही नाही. एका मुलीचं पोट दुखत होतं.

सासूबाईंचा तो प्रश्न मी अजून बाजूला टाकलेला नाही. सावित्रीबाईंनी १८४८ साली शेणमाती अंगावर घेत मुलींची शाळा चालवली. ताराबाई मोडक कोसबाडला आदिवासी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. आमच्या तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची मुलं आईबापांबरोबर विटभट्टीवर जातात तेव्हा त्यांच्या हातून शाळा सुटते आणि बहुधा कायमची सुटते. त्यांच्या घरी पाऊणकी म्हणणारी आजी नसते आणि अर्ध्या पगारावर भागवणारी आईही नसते. त्यांच्यासाठी शाळा हेच दार आहे. म्हणून ‘शाळा कशाला हव्यात’ असं म्हणणाऱ्यांत मी नाही. त्या चांगल्या व्हाव्यात, पन्नासाचा वर्ग पंचविसाचा व्हावा आणि वलगणीच्या माशांना पैकीच्या पैकी गुण मिळावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

अधूनमधून कुणी आई फोन करते, कुणी घरी येऊन बसते. ‘‘तुमच्यात हिंमत होती हो, आमच्यात नाही.’’ मी त्यांना ती जुनी वही दाखवते. म्हणते, आधी हिंमत शोधू नका, परतीच्या वाटा शोधा. कागदपत्रं जपून ठेवा, जन्माचा आणि शाळेचा दाखला, दोन्ही. वर्षभराच्या घरखर्चाचा हिशेब मांडा. मुलाला विचारा. आणि त्याला शाळेतच बरं वाटत असेल तर कुणाचं पाहून त्याला काढू नका.

मुलाला विचारण्याचं आम्ही दर मे महिन्यात पाळतो. चौघं आणि आजी जेवायला बसलो की नवरा मोठीला विचारतो, ‘‘जूनमध्ये शाळेत जायचं?’’ पहिल्या वर्षी तिने ताटावरून मान न उचलता ‘नाही’ म्हटलं होतं. गेल्या मे महिन्यात मात्र ती गप्प राहिली. ‘‘दोन दिवसांनी सांगते,’’ म्हणाली.

ते दोन दिवस मी माझ्याकडेच पाहत होते. ती ‘हो’ म्हणाली तर मी हरले असं मला वाटेल का? दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाटातून तिचा दाखला काढून वर ठेवला. पनवेलच्या दोन शाळांत जागा आहेत का ते फोन करून विचारलं. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की माझा हात थरथरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, ‘‘या वर्षी नको. पुढच्या वर्षी परत विचारा.’’ मग दाखल्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, ‘‘हा बाहेर का काढलास?’’

‘‘लागला तर असावा म्हणून,’’ मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि ती आजीपाशी सवायकी म्हणायला गेली.